आधी धडा

सोहार बंदराच्या वजनकाट्यावर माझी नोकरी.
ट्रक रिकामा येतो, आकडा लिहितो.
भरून जातो, आकडा लिहितो.
मधला फरक म्हणजे माल.
बारा वर्षांत वजाबाकी चुकलेली नाही.

चुकली ती घरी, अल हंबारच्या खोलीत,
न्हाणीच्या दाराशी ठेवलेल्या काचेच्या काट्यावर.
चौऱ्याण्णव पूर्णांक सहा.
डॉक्टर म्हणाले साखर, म्हणाले गुडघे,
म्हणाले, आता तुम्ही काही पंचविशीतले नाही.
येताना वही घेतली.

पहिल्या महिन्यात दिवसातून चारदा चढलो.
उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, जेवणाआधी, झोपताना.
बूट काढून. घड्याळ काढून.
एकदा चष्माही काढला,
मग आकडाच दिसेना.

सकाळी त्र्याण्णव आठ, रात्री पंच्याण्णव एक.
दिवसभरात माझ्यात
एक किलो तीनशे कोण येऊन बसलं?
ऑगस्टात यार्डात तासभर उभा राहिलो
तर नऊशे ग्रॅम गायब. वहीत दोनदा अधोरेखित केलं.
संध्याकाळी दोन पेले ताक प्यालो
आणि ते परत आले,
पिशवी विसरलेल्या पाहुण्यासारखे.

दवाखान्यातली शायनी सिस्टर वही चाळून हसली.
आठवड्यातून एकदा, म्हणाली.
एकच वार, एकच वेळ, तेच कपडे, चहाच्या आधी.
रोज बघितल्याशिवाय राहवत नसेल तर बघा,
पण सात दिवसांची सरासरी काढा,
एकट्या आकड्याचं मनावर घेऊ नका.
मी म्हटलं, शुक्रवार ठेवू, सुट्टी असते.
शुक्रवार नको. गुरुवारी रात्री तुम्ही सगळे बिर्याणी खाता.

तर बुधवार.

हे खरं मला आधी कळायला हवं होतं.
शमाल सुटतो तेव्हा काट्यावरचा ट्रक डोलतो,
लाल आकडे पळत राहतात,
आणि मुराद बलूच खाली उतरून ओरडतो, जल्दी करो भाई.
मी थांबतो. आकडा बसल्याशिवाय
पावती फाडत नाही.
वीस टनांच्या लोखंडाला दिलेला हा वेळ
स्वतःला दिला नव्हता.

आमचे अप्पा कृष्णाकाठी साखर कारखान्याच्या काट्यावर होते.
गाळपाच्या दिवसांत गाड्यांची रांग ओढ्यापलीकडं जायची,
आणि गावात कुजबुज, काटा मारतात.
अप्पा घरी येऊन खाली बघून जेवत.
मारत होते की नव्हते, मी विचारलं नाही.
त्यांनी शिकवलं ते एवढंच:
आधी धडा कर. रिकामं पारडं किती खोटं बोलतं ते बघ,
मग दुसऱ्याचं माप.

मार्चमधल्या एका बुधवारी
मीही काटा मारला.
एक्क्याण्णव सात आलं होतं,
नव्वद सात लिहिलं. बघायला कोण होतं?
पुढच्या बुधवारी एक्क्याण्णव दोन.
म्हणजे अर्धा किलो उतरलो होतो,
आणि वहीत अर्धा किलो वाढलो.
माझ्या हक्काचा तो एक आनंद
माझ्याच पेनानं खाल्ला.
त्या पानावर रेघ मारली, खरा आकडा लिहिला.
खाली सहीसुद्धा केली, सवयीनं.

जूनमध्ये रजा मिळाली. सत्त्याऐंशी चार.
मस्कतच्या विमानतळावर बॅग भरली एकतीस किलो चारशे.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी काढा.
सांगावंसं वाटलं, बाई, सात किलो काढूनच आलोय.
खजुराचा दीड किलोचा डबा काढून हातात घेतला.

घरी अप्पा दारातच उभे.
आता पार वाळलेत, सदरा अंगावर नुसता टांगल्यासारखा.
बॅग हातात घेऊन वीतभर उचलली, ठेवली.
तीस, म्हणाले. थोडी आतच.

मग माझ्याकडं बघितलं,
वरपासून खालपर्यंत, सावकाश,
आकडा बसेपर्यंत बघतात तसं.
किती ते सांगितलं नाही.
जेवायला बस म्हणाले,
आणि समोर बसून
मी जेवत असताना बघत राहिले.