घनफूट

पानशेत फुटलं त्या साली मी चौदाचा.
शहराला चौकटी हव्या होत्या,
दारं, माळे, जिन्यांच्या पायऱ्या,
आणि विश्रामभाईंना हवा होता
आकड्यात न चुकणारा पोरगा.
तय्यबचाचा माप सांगायचे, मी लिहायचो:
घेर, लांबी, घनफूट.
नदीनं ज्यांचं नेलं त्यांच्यावर आमचं पोट भरलं.
तेव्हा हे कुणी बोललं नाही.

भवानी पेठेत सकाळी सातला करवत सुरू.
ओलं लाकूड चिरतंय की वाळलेलं,
रस्त्यापलीकडची बाई भांडी घासता घासता सांगायची.
बल्लारशाचा साग यायचा मालधक्क्यावरून,
बुंध्यावर जंगलखात्याचा शिक्का.
एकदा ओंडक्यात बंदुकीची गोळी होती.
पट्टा तुटला, चाचांच्या कानाची पाळी गेली.
म्हणाले, वाघाची होती, माझ्या नावावर निघाली.
दुसऱ्या दिवशी फडकं बांधून कामावर.

भुसा पोत्यानं जायचा.
अर्ध्या पुण्याची शेगडी आमच्यावर:
मधोमध बाटली, भोवती ठासून भुसा,
मग बाटली अलगद उपसायची.
गॅस आला आणि भुसा दारातच साचू लागला.
माझ्या मते उतरण तिथून.
कुणी प्लायवुड म्हणतं, कुणी ॲल्युमिनियम.
विश्रामभाईंचा नातू म्हणतो, जागेचा भाव.
तो खरं बोलतो, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही.

गल्लीत अकरा करवती होत्या.
मग चार.
मग आमची, तीही दिवसाआड.

गेल्या मार्गशीर्षात नारायण पेठेतली चाळ पाडली,
जुना माल चिरायला आला.
एक चौकट उलटी केली, तर भिंतीकडच्या अंगाला
गेरूनं लिहिलेलं: ४१७, पावणेदोन.
साताची शेपटी लांब, माझीच.
साठ वर्षं चुन्याकडं तोंड करून
एक अक्षर पुसलं नव्हतं.

खिळे उपटले. चाचा नाहीत,
म्हणून टेप मीच धरला, मीच वाचला.
दीडच्या जरा वर.
पुन्हा मोजली. तेवढीच.

पोराची चूक होती,
की भाईंनी डोळ्यानं खुणावलं होतं,
आठवत नाही.
पुरात भांडीकुंडी गेलेलं कुणीतरी
समोर पैसे मोजत उभं असणार.
लाकूड आटतं म्हणतात.
साग इतका नाही आटत.