चालु

खोक्यात, कागदाच्या सात थरांत गुंडाळलेला दिवा,
पितळी साखळीचा, मधाच्या रंगाच्या काचेचा.
नवी पेठेतून रिक्षात मांडीवर घेऊन आणला मी,
प्रत्येक गतिरोधकाला त्याला ‘सांभाळ हं’ म्हणत.

दाराच्या आत, जिथं चपला निघतात,
तिथं वर लोखंडी हूक आहेच आधीपासून.
“पाच किलो पेलंल का?” मल्लिनाथनं विचारलं.
आम्मा हसली.
त्या हुकाला तराजू असायचा,
सुताच्या पेंढ्या तोलायचा.
एकदा माझा धाकटा भाऊही, दहा दिवसांचा,
सव्वादोन किलो भरला
आणि नायनाच्या वहीत चुकून
सुताच्या रकान्यात गेला.

मल्लिनाथनं मेन पाडला.
मे महिना. पंखा थांबला तसं
पत्र्यावरचं ऊन ऐकू यायला लागलं.
टेबलावर स्टूल, स्टुलावर मी,
आणि टेबल आम्माच्या दोन हातांच्या भरवशावर.

छतावरची गोल झाकणी फिरवली
तर तोंडावर तूस पडली.
पांढरी नव्हे. थोडी लाल, थोडी मोरपंखी,
थोडी त्या किरमिजी काठाची, जो नंतर कुणी मागितलाच नाही.
माग भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली.
आम्ही घर दोनदा रंगवलं, फरशी बदलली,
आणि ही इथं वर, झाकणीत, बसून.

मला शिंक आली.
“एकच? थांब,” आम्मा म्हणाली.
तिघंही थांबलो, दुसऱ्या शिंकेची वाट बघत.
ती आली नाही. काम तर करायचं होतं.

वायरी दोन, दोन्ही सारख्याच काळ्या.
“यातली जिवंत कुठली बे?”
“आता दोन्ही मेल्यात,” मल्लिनाथ आतून म्हणाला,
आणि मग उगाचच टेस्टरचं टोपण लावत-काढत राहिला.

“साखळी किती सोडू?”
“सात फूट ठेवा ताई, सगळीकडं तेवढंच असतंय.”
“पैकि,” आम्मा म्हणाली. वर.
मी एक कडी काढली.
“पैकि.”
दुसरी काढली.
“अहो मावशी, छतालाच चिकटवायचा का?
तुमच्यात एवढं उंच हाय कोण?”

आम्मानं टेबल सोडलं.
मी डगमगले, तिनं पाहिलं नाही.
तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले,
बोटं जरा फाकवून,
हवेतलं काहीतरी रुंद धरल्यासारखे.

तेव्हा मला माप कळलं.
नायना साडेपाच फूट.
वर चुंबळ.
चुंबळीवर गठ्ठा, वीस चादरींचा, सुतळीनं आवळलेला.
आणि हे सगळं या दारातून
मान न वाकवता बाहेर पडायचं
मंगळवारी आणि शुक्रवारी.

मी काही बोलले नाही.
पक्कड मागितली, आणखी तीन कड्या उचकटल्या.
दिवा वर गेला, हुकाच्या गळ्याशी,
माझ्या कानाजवळ त्याची काच किणकिणली.
दुसऱ्या जोडाला टेप लावायची तेवढी राहिली होती.

आम्मानं खालून पाहिलं, हात खाली घेतले,
म्हणाली, “चालु.”

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मल्लिनाथ अक्कलकोट रोडचा,
घरात कानडी, बाहेर मराठी.
त्यानं ऐकलं ते ऐकलं
आणि मेन वर केला.

दोन तळहातांमध्ये अचानक काच पेटली.
बोटांच्या कडा लाल दिसल्या, आरपार.
टेपाशिवायचा जोड माझ्या मनगटापासून एक वीत.
मी श्वास धरून हात काढून घेतले, हळू,
झोपलेल्या पोराखालून काढतात तसे.

“बंद करू का?” मल्लिनाथ धावत आला, पांढराफटक.
“कर की आधी!” मी ओरडले.
आम्मा म्हणाली, “पेटला ना? मग झालं.”

टेप लावली. चहा झाला.
मल्लिनाथनं पैसे घेतले नाहीत, मग निम्मे घेतले.

रात्री आम्मा दार लावायला उठली.
चार फूट नऊ इंच तिची उंची,
दिवा तिच्यावर हातभर नव्हे, दोन हात.
तरी खालून जाताना तिनं मान किंचित कलती केली,
वाट दिली.

काचेच्या काठाला तुशीचा एक धागा राहिलाय, किरमिजी.
फडक्यानं पुसता येईल,
पण इतक्या वर
आता हात कुणाचा पोचणार.