अर्ध्या डोक्याचे पंधरा

मंगळवारी सकाळी उठून पाहावं
तर समोरचा समुद्र नसतो.
त्या जागी अकरा मजले असतात,
कठड्यांवर टॉवेल वाळत घातलेले,
आणि आमच्या चर्चचा कळस
जेमतेम तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागतो.

मी सूफ्रिएरहून पहिली मिनीबस धरून रोझोला येते.
मांडीवर घडीची खुर्ची, पिशवीत फण्या,
खोबरेल, रबरांचा डबा
आणि पुठ्ठा: पूर्ण डोकं तीस, अर्धं पंधरा.
अर्धं आजवर कुणी मागितलं नव्हतं.

माणसं उतरतात. गळ्यात कार्डं,
नाकावर पांढरी मलई, पुसायची राहून गेल्यासारखी.
डेल्व्हिन गाडीच्या पायरीवरून ओरडतो,
धबधबा! गंधकाचं कुंड! पोपट!
पोपट कधीच दिसत नाही, पण त्याचं चित्र झकास आहे.
एक बाई मला विचारते,
तुम्ही इथं बाराही महिने राहता?
मी म्हणते, छे, तुम्ही गेलात की
आम्हाला घडी घालून ठेवतात.
ती हसते. मग हसायची थांबते.

अकराला पाऊस. अकरा दहाला ऊन.

दोननंतर मात्र आमच्यावर ऊन पडत नाही, जहाज पडतं.
सावली आधी धक्का गिळते, मग मला, मग पोस्ट ऑफिस.
त्या सावलीत ती दोघं आली.
मुलगी दहाएक वर्षांची, टोपी कानांपर्यंत ओढलेली.
बापाने टोपी काढली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, जमेल का?

मोठ्या पुरानंतर आमच्या पुलाला अडकतं ना,
बांबू, वेली, कुणाची तरी चप्पल,
तसं होतं ते.
आणि मानेपाशी एक गाठ, जुनी.
बोटांना गुंत्याचं वय कळतं.

मी काही विचारलं नाही.
खुर्चीतल्या माणसाला पाठीमागून विचारू नये,
हे आईने फणीबरोबरच दिलेलं.
समोर तोंड नसलं की माणसं खरं बोलतात,
म्हणायची, आणि मग ते तुला घरी न्यावं लागतं.

सोडवायलाच तास गेला.
ती रडली नाही, फक्त पाय
खुर्चीच्या पायांना वेढे घालत राहिले.
शेवटी तेलात निथळून
एक पिवळं रबर निघालं आतून,
कधीचं, कुणी बांधलेलं.
ते फेकू नका, ती म्हणाली.
मनगटात घातलं.
बाप जहाजाकडे बघू लागला,
जसं काही तिथं आत्ताच काही उगवलं होतं.

मग मी म्हटलं, ये इकडे. हात पूस.
हे तीन पेड. हा वरून, मग हा वरून,
मधला कायम बदलत राहतो.
घट्ट, पण पोरीच्या भुवया वर जाईस्तोवर नाही.
जाड बोटं त्याची, नटबोल्ट पिळणारी.
तीनदा चुकला.
चौथ्यांदा चुकला ते मुलीला आवडलं.
शेजारची क्लॉडेट मसाल्यांच्या पुड्या सोडून बघायला आली,
म्हणाली, ठेवून घे याला वर्षभर.

पाचला पहिला भोंगा.
डावीकडे माझ्या नऊ वेण्या, भांग आखून काढलेले.
उजवीकडे मोकळं रान
आणि त्यात एक वाकडी वेणी, त्याची.
दुसरा भोंगा.
त्याने तीस काढले, मी पंधरा परत केले,
पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.
आणि शिकवणीचे?
ते कुठे लिहिलंय, म्हटलं,
आणि मूठभर रबरं त्याच्या खिशात कोंबली.
पळाली दोघं.
तिचं अर्धं डोकं शिस्तीत, अर्धं वाऱ्यावर.

जहाज मागे सरलं. समुद्र परत आला,
थोडा तेलकट, पण आपल्या जागी.
बुडायला अर्धा तास असलेला सूर्य
आमच्या वाट्याला आला.
वरून हात हलत होते. मी नेहमी हलवते, धंदाच आहे;
कुणाचे ते कधी शोधत नाही.
आज खिडक्या मोजत बसले.
चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

खुर्चीची घडी घातली तेव्हा
डेल्व्हिन रिकामी गाडी घेऊन आला, धापा टाकत:
दिसला गं! वळणावर, फांदीवर, एवढ्या जवळ,
आणि गाडीत एक माणूस नाही दाखवायला.