वादळ म्हणजे ढग

मकरपुऱ्यात शनिवारी रात्री अकरानंतर
व्हॉल्व्हच्या कारखान्यात दोनच दिवे जळतात,
एक फाटकावर, एक आमच्या सर्व्हर रूममध्ये.
कीर्तिभाई पांचाळ खुर्ची उलटी करून बसलेत
यूपीएसचा आवाज ऐकत,
शेजारच्या खोलीतलं तान्हं ऐकावं तसे.

मी नोकरीला लागले तेव्हा इथे एकवीस डबे होते,
प्रत्येकाच्या कपाळावर मार्करनं एक नदी.
मही, ढाढर, ओरसंग, सूर्या.
आधीच्या साहेबांना नद्यांचा नाद.
मगरी मात्र एकीतच, म्हणायचे,
आणि विश्वामित्री खरोखर महिन्यातून एकदा
कुणाचा तरी रविवार गिळायची.

आता वीस नद्या तीन डब्यांत वाहतात.
एकाच लोखंडात सहा-सात जणी,
एकीला दुसरीचा पत्ता नाही,
जिला तिला वाटतं पंखा आपल्यासाठीच फिरतोय.

राहिली होती विश्वामित्री.
तिच्या पोटात पगार,
चारशे बारा माणसांचा, दोन हजार आठपासूनचा,
उचल, ओव्हरटाइम, कापलेले अर्धे दिवस.
वरच्या मजल्यावर याला स्थलांतर म्हणतात.
मी म्हणते, बिऱ्हाड हलवायचंय,
पण झोपलेल्यांना कळू न देता.

बारा टक्के. एकतीस. सदुसष्ट.
पावणेदोनपर्यंत सदुसष्टच.

कीर्तिभाई डबा उघडतात, थेपले, छुंदो.
“बेन, एटले बधुं वादळमां जशे?”
वादळ म्हणजे ढग, त्यांच्या भाषेत.
ठाऊक आहे मला, इथेच जन्मले,
दांडिया बाजारात भाजीचा भाव त्याच भाषेत पाडते,
तरी कानात पत्रे उडतातच.
हो, म्हटलं, पण ढग इथेच आहे, या कपाटात.
थोडा अहमदाबादेत भाड्यानं घेतलाय.
“भाडानुं वादळ,” म्हणाले,
आणि बोटाला लागलेला छुंदो चाटला.

जो डबा पोटात इतक्या जणींना ठेवतो
त्याला यजमान म्हणायचं, ठेवलेल्यांना पाहुण्या.
हे घरी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली,
चला, एक तरी यजमान मिळाला तुला.
पाचशे बारा जीबी मेमरी आहे गं त्याला, म्हटलं,
तरी वाढदिवस विसरतो.
एकोणचाळिसाव्या वर्षी असं बोलता येतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
नवी विश्वामित्री जागी झाली.
नाव तेच, पत्ता तोच,
घड्याळ दोन मिनिटं मागे, तेवढं सरळ केलं.
पगाराचं दार ढकललं तर म्हणाली, किल्ली नाही.

किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं जांभळं डोंगल
जुन्या डब्याच्या पाठीत खोचलेलं,
कुणी उपटू नये म्हणून
कीर्तिभाईंनीच कधीतरी लाल नाड्यानं बांधलेलं.
त्याची प्रत निघत नाही.
देणारी कंपनी केव्हाच बुडाली.
सोळा वर्षं उचलून हवेत ठेवली आम्ही
आणि हवा नाड्याशी अडली.

मी कात्री शोधत होते.
त्यांनी नखांनी गाठ सोडवली, चष्मा कपाळावर चढवून,
डोंगल यजमानाच्या पाठीत खोचलं,
नाडा पुन्हा बांधला, तसाच, दोन फेरे.
मी आतून वाट दिली.
दार उघडलं.

तपासायला म्हणून त्यांचंच नाव काढलं.
पांचाळ कीर्तिकुमार म., विद्युत विभाग,
उचल शिल्लक रुपये आठशे.
ते वाकून बघत राहिले.
“उपाड तो क्यारनो भरी दीधो.”
म्हणजे चूकसुद्धा आली,
एक अक्षर न सांडता.

जुन्याचं बटण मी दाबणार तर म्हणाले, रहो.
झाकणावर तळवा ठेवला
ताप बघतात तसा,
मग स्वतःच दाबलं.
पंखा थांबला तेव्हा कळलं
की इतकी वर्षं या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं.

हात काढला नाही त्यांनी.
अजून गरम आहे, म्हणाले, मराठीत.

सोमवारी अकाउंट्सला फोन करायचाय,
आठशे रुपयांचं सांगायला.