अंगी लागलेलं

आज तोलायचा दिवस.
कालपासून तळ्यात एक दाणा टाकला नाही.
उपाशी मासा खरं वजन सांगतो,
असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.
सासूबाई म्हणाल्या, माणूस पन.

तळवलीच्या मागं, खाडीच्या बांधाला लागून,
मामंजी छातीभर पाण्यात उतरून पाग फेकतात.
वय चौऱ्याहत्तर, पण पाग अजून
ताटासारखा गोल उघडतो.
चाळीस जिताडे बादलीत.
काट्यावरचा आकडा थरथरत राहतो,
मासे थांबले की थांबतो.
बादली वजा, पाणी वजा.
सरासरी दोनशे सत्तर ग्रॅम.
दोन महिन्यांपूर्वी एकशे ऐंशी होती.

म्हणजे प्रत्येकाच्या अंगी नव्वद ग्रॅम लागलं.
अठराशे मासे, एकशे बासष्ट किलो.
आणि घातलं किती?
तेरा गोण्या. तीनशे पंचवीस.
ओल्या बोटांनी बांधावरच भागाकार केला,
वहीचं पान चिकटलं.
दोन.
दोन किलो घालावं तेव्हा एक किलो मासा.

गोणीवर दीड छापलंय.
दीडच्या हिशोबानं ब्याऐंशी किलो जास्तीचं गेलं.
सव्वातीन गोण्या
कुणाच्या अंगी लागल्या?

घरात हा प्रश्न नवा नाही.
निहालला आजी रोज विचारते,
तीन तीन भाकऱ्या खातंस, जातान कुठं?
तो सदरा वर करून
बरगड्या वाजवून दाखवतो.

आठवडाभर शोधलं.
तळाचा गाळ उपसून हुंगला, कुजका वास नव्हता.
जाळी चाचपली, धड होती.
जिताडा धाकट्या जिताड्याला गिळतो,
म्हणून मोठे वेगळे काढून पुन्हा मोजले,
अठराशेला चार कमी.
बगळ्यांवर नजर ठेवली.
नवऱ्यालाही विचारलं फोनवर,
तो उरणच्या रांगेत ट्रेलरवर बसलेला,
म्हणाला, गोणीच कमी भरत असेल.
तोलली.
पंचवीस. वर सुतळीचं वजन.

मग एका संध्याकाळी
हिशोब सोडून नुसती बसले.
ऐरोलीच्या पुलावर दिवे लागत होते.
मामंजी मुठीमुठीनं दाणे फेकत होते,
चुबुक, चुबुक, पाणी तोंड उघडत होतं.
तो आवाज पातळ झाला की ते हात थांबवतात,
मी घड्याळ लावून पाहिलंय, कधी चुकत नाहीत.
तळ्याचं झालं.
मग त्यांनी जर्मनचं चेपलेलं पातेलं
गोणीत बुडवलं, शीग लावून भरलं,
उघाडीपर्यंत चालत गेले
आणि सगळं
बांधापलीकडे, खाडीत.

मी काहीच बोलले नाही.
त्यांनीच मान वळवली.
"खारीचं पानी घेतो ना आपुन,
उधानाचं उधानाला?
मंग भारा कोन देल?"
पलीकडे बोयटांची पिल्लं
काळ्या पाण्यावर खरजेसारखी उठली होती.

रात्री पातेलं तोललं. रिकामं, मग भरलेलं.
आतलं खाद्य सहाशे ऐंशी ग्रॅम.
सकाळ-संध्याकाळ.
साठ दिवस.
एक्याऐंशी किलो सहाशे.

वहीत एक रकाना वाढवला.
वर काय लिहावं कळेना, "भाडं" लिहिलं.
खाद्यवाला पोरगा महिन्यानं आला,
त्यावर बोट ठेवून म्हणाला, ताई, हे काय?
म्हटलं, लाइट बिलासारखं धर.
त्यानं मोबाइल काढला, पुन्हा भागाकार केला:
दीड.
फोटो काढून साहेबाला पाठवला.

मात्र चारशे ग्रॅम अजून लागत नाहीत.
मी कच्चं सोडत नाही काही,
दोनदा पहिल्या पानापासून बेरीज केली.

परवा निहालची चड्डी भिजत घातली.
खिशातून सहा दाणे निघाले,
फुगून बोराएवढे झालेले.