गच्चीची किल्ली

विश्रामभावजी एक्स-रे ट्यूबलाइटपुढे धरतात.
खिडकीपुढे धरून उपयोग नाही,
खिडकीत समोरच्या बिल्डिंगची मोरी आहे.
मानखुर्दला घर मिळालं तेव्हा
नळ होता, संडास होता, दाराला नंबर होता.
उजेड कुठंय, हे विचारायचं
आमच्याकडून राहूनच गेलं.

बारा वर्षं चष्म्याच्या काचा घासल्यात त्यांनी
चेंबूरच्या एका दुकानात.
फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी बोट ठेवून म्हणाले,
"वहिनी, असा माल आला असता
तर मी परत पाठवला असता."
मी हसले. हसायचं होतं की नाही, कळलं नाही.

साधा नाही, डॉक्टर म्हणाल्या,
नेहमीच्या औषधांना जुमानत नाही हा.
नऊ महिने. कदाचित अकरा.
बरे होतील ना?
बरेचसे होतात.
बरेचसे म्हणजे किती?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
गोळी चुकली नाही, तर दहातले आठ. नऊ म्हणा.

बाहेर बाकावर दहाच जण होते,
मास्क लावून, मांडीवर तसलीच खाकी पाकिटं घेऊन.
मी मोजत गेले
आणि नऊवर थांबले.

आता घरात एक घड्याळ सगळ्यांचं,
एक गोळ्यांचं.
सकाळी नऊला, पोटात काहीतरी घालून,
मग ते पोटात राहीपर्यंत
बादली धरून मी.
अंडी उकडायची, सोलायची, "नको" ऐकायचं,
पुन्हा पुढं करायची.
तिसऱ्या महिन्यात चेहरा काळवंडला, गोळ्यांनीच.
सासूबाईंना दिसतं कमी. म्हणाल्या,
"उन्हानं किती रापलास रे!"
उन्हानं! या घरात!
भावजी इतके हसले की खोकला आला,
आणि खोकला आला तसे सगळे गप्प.

ऊन गच्चीवर होतं.
गच्चीला कुलूप, किल्ली पाटकरांकडे.
पाटकरकाकूंना अख्खी बिल्डिंग शिष्ट म्हणते,
जिन्यात हाक मारली तरी वळत नाहीत.
मी दारातच खोटं बोलले,
पापड वाळवायचेत.
"काय?"
पापड.
"भाद्रपदात?"
मी चपलेकडे बघत राहिले.
त्यांनी मला हाताला धरून उजवीकडे ओढलं.
"या बाजूनं बोल. डावा कान गेलाय.
माझ्या वेळी सुया असायच्या, रोज एक, सहा महिने.
दुखणं गेलं, जाताना कान घेऊन गेलं."
मग फडताळातून किल्ली काढत,
"खाली बोलू नकोस कुठं.
पंधरा वर्षं शिष्ट आहे, ते बरं चाललंय."

पाण्याच्या टाकीला टेकून भावजी बसतात.
तिथून खाडी दिसते, डंपिंगचा धूर दिसतो,
वारा कुठून येतोय त्यावर
बसायची जागा ठरते.
परवा थुंकीचा रिपोर्ट आला. जंतू सापडले नाहीत.
मी तिथंच पायरीवर बसले.
डॉक्टर म्हणाल्या, इतक्यात पेढे नकोत,
औषध सोडायचं नाही,
आणि डाग राहील. आयुष्यभर दिसेल फोटोत.

मला वाटलं, हे ऐकून खचतील.
त्यांनी फिल्म उन्हात धरली,
पहिल्यांदाच उन्हात,
एक डोळा मिटून बघितली, गिऱ्हाइकाची काच बघावी तशी.
"ओरखडा मधोमध नाही, वहिनी.
कडेला आहे.
फ्रेममध्ये जाईल."

वजन एक्केचाळीस किलो आठशे.
सहा महिने बाकी, कदाचित आठ.
बाकावरचा तो दहावा माणूस
अजून मधूनच येऊन बसतो माझ्या शेजारी, रात्री.
त्याचं तोंड मी बघत नाही.

संध्याकाळी किल्ली परत द्यायला गेले,
उजव्या बाजूनं हाक मारली.
काकूंनी हात पुढे केला नाही.
"राहू दे तुझ्याकडे," म्हणाल्या,
"पापडांना वेळ लागतो."