पाचर

कोटंबीचा घाट ओलांडला की करंजाळी,
तिथून डावीकडे चार कोस, मग रस्ता संपतो,
म्हणजे रस्ता करणाऱ्यांचे पैसे संपतात.
तिथं, धोंडपाड्याच्या माळावर,
जेसीबीचा दात लागून तो आडवा झाला होता.

मला बोलावलं, कारण मी वडार.
शिकलेल्या माणसांनी आधी तीन दिवस मोजला:
अकरा फूट, पैकी अडीच जमिनीत,
काळा फत्तर, छिन्नीची खूण नाही.
"तिमण्णा, उभा राहील ना पुन्हा?"
मॅडमनी विचारलं, डॉक्टरला विचारतात तसं.
मी सुतकी टेकवून एक ठोका दिला, कान लावला.
अखंड. कुठं चीर नाही, कुठं पोकळ नाही.
ज्यानं निवडला
त्यालाही दगड ऐकता येत होता.

कशाला उभा केला, यावर दुपारभर बोलणं.
मॅडम म्हणाल्या, पुरलेल्या कुणाची खूण असावी,
पण खाली हाड नाही, राख नाही, खापर नाही.
त्यांच्यासोबतचा पोरगा म्हणाला, सूर्याचं काहीतरी,
आणि मोबाईल फिरवत दिशा शोधत बसला.
सोनजी भोये म्हणाला, वाघाला पाठ खाजवायला.
त्याचा आजा सांगायचा.
सगळे हसले. सोनजी नाही हसला.

मी खड्ड्यात उतरलो.
एका अंगाला उतार: इथून बुडखा सरकवला.
समोरची माती दाबून घट्ट झालेली: इथं तो टेकला, डगमगला,
आणि दोर धरलेल्यांनी श्वास कोंडला.
मग पाचरी. चहूबाजूंनी ठोकून बसवलेले गोटे,
पाण्यानं घासलेले, गोल.
या माळावर असा एक सापडायचा नाही.
नदी खाली, दीड कोस, उभी चढण.
मी काढून ओळीनं मांडले. त्रेपन्न.
काही दोन हातांनी कवळावे असे,
काही कमरेला बांधून आणता येतील असे,
आणि एक एवढासा
की पाचर म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही.
तरी कुणीतरी त्याला जागा करून दिली होती
दोन थोरल्यांच्या मध्ये.

बिनकप्पीचा हा उचलायचा तर साठ माणूस लागतं.
बाप म्हणाला असता पंचेचाळीस,
पण हाळी देणारा गळा हवा.
मी पाड्यात माणसं मागायला गेलो.
अकरा दारांना कड्या.
"बागांवर गेली निफाडला. होळीला येतील."
मिळाले सात,
त्यात सोनजीची विहीण आणि शाळा बुडवून आलेले दोघे.

परत खड्ड्याशी बसलो, विडी पेटवली, तेव्हा वाटलं
आपण उलटं धरतोय.
दगड हवा होता म्हणून माणसं नसतील जमली.
माणसं पांगत असतील.
कुणी भांडून नदीपलीकडे, कुणी शिकारीमागं लांब,
आणि कुणा शहाण्या बाईनं काम असं काढलं असेल
जे साठांखेरीज होणारच नाही.
ज्याला ओढायचं बळ नाही त्यानं गोटा आणावा.
रांगतं मूल असेल तर त्याच्या मुठीत मावेल तेवढा.
दगड काय, उभा राहिला मागाहून.

मॅडमना सांगितलं.
त्यांनी वहीत लिहिलं नाही,
पण पुढचंही काही वेळ लिहिलं नाही.

उचलला चाळीस मिनिटांत.
सात माणसं, लोखंडी तिकाटणं, साखळीची कप्पी.
ओळंबा लावून पाहिला, केसभर फरक नाही.
हाळी द्यायची गरज पडली नाही.
एवढं मात्र चुकल्यासारखं वाटलं.

गोटे होते तिथं बसवले.
अंधारात घाट चढताना काडेपेटीसाठी खिसा चाचपला
तर तो एवढासा हाताला लागला.
गाडी वळवायला जागा नव्हती.
होती खरं तर, दोनदा.
त्याच्यावाचून दगड पडायचा नाही,
त्याच्यावर तो उभा नव्हताच कधी.
तरी झोप लागेना.

होळीला जाईन म्हणतो.
तेव्हा पाड्यात माणसं असतील.